पैनगंगेपलीकडचा पाट

हिंगोलीहून येणाऱ्या सकाळच्या बसचा कंडक्टर वाशीमच्या कोर्टाच्या आवारात आला, तेव्हा मी बाररूमच्या पायरीवर उभा राहून एका पक्षकाराला झापत होतो. मोटारीवरचा माणूस कोर्टात येतो तो बहुधा साक्षीला, म्हणून मी त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. तो मात्र टोपी हातात घेऊन थांबून राहिला. पक्षकार गेल्यावर जवळ येऊन म्हणाला, "वकीलसाहेब, सेलूचा निरोप हाय. तुमचे व्याही गेले... काल दुपारी. जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच न्हाईत." सेलूहून परभणी, परभणीहून हिंगोली आणि हिंगोलीहून वाशीम असा तो निरोप एका कंडक्टरनं दुसऱ्याच्या कानात घालत आणला होता. वाटेत त्याला कुणी अडवलं नाही, कुणी कागद मागितला नाही. भानुदासरावांच्या आयुष्यात ही सोय फार उशिरा आली, हे तिथे उभ्या उभ्या माझ्या मनात आलं आणि मला रडण्याच्या आधी राग आला.

घरी गेलो. सुमन, म्हणजे माझी सून आणि त्यांची थोरली लेक, ओट्यावर तांदूळ निवडत होती. माझा चेहरा बघूनच तिनं सूप खाली ठेवलं. मी सांगितलं. ती आत गेली, स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवलेला एक पाट उचलला, पदरानं पुसला आणि परत होता तिथेच ठेवून दिला. मग खाली बसली आणि मोठ्यानं रडली. त्या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सेलूला जाऊन आलो, तेरावा झाला, सगळं रीतसर झालं. पण माझ्या डोळ्यांपुढून तो पाट काही हलत नाही, आणि त्या पाटाची हकीकत सांगितल्याशिवाय हा माणूस कोण होता ते कुणाला कळायचं नाही.

भानुदासराव सेलूचे कापसाचे अडते. उंच, सडपातळ, काळी टोपी, आणि कुठेही गेले तरी बसण्याआधी "बसू का?" असं विचारणारे. स्वतःच्या दुकानातल्या गादीवरसुद्धा गिऱ्हाईक आधी बसलेलं असलं तर ते विचारून बसत. कापसाची चिमूट घ्यायची, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायची आणि धागा किती लांब निघतो ते बघायचं, ही त्यांची पारख. ती सवय इतकी भिनलेली की माझ्याशी पहिल्यांदा बोलताना माझ्या उपरण्याचा कोपरा त्यांनी नकळत चिमटीत धरला होता. आमची सोयरीक जमली तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी नाकं मुरडली. आमच्याकडचे म्हणाले, मोगलाईतली मुलगी कशाला? पैनगंगेपलीकडच्या निजामाच्या मुलखाला आम्ही वऱ्हाडातले लोक मोगलाई म्हणतो, आणि म्हणताना थोडं नाक वर करतो. त्यांच्याकडचे म्हणाले, इंग्रजी मुलखात लेक देता, उद्या काही झालं तर फिर्याद कुठे मागणार? त्या वेळी आम्ही दोघंही यावर हसलो. मी तर वकील असून हसलो.

लग्नानंतर ते एकदा वाशीमला लेकीला बघायला आले. वैशाखाचं ऊन होतं. आमच्या घरच्यांनी वाळ्याचं सरबत पुढे केलं, तर त्यांनी पिशवीतून स्वतःचा फिरकीचा तांब्या काढला. सेलूहून भरून आणलेलं पाणी, तेही एव्हाना कोमट झालेलं. "विहीणबाई, लेकीला लेकरू होऊ द्या," ते म्हणाले. "तोवर तिच्या घरचं पाणी मला चालत न्हाई. एकदा लेकरू झालं की बघा, पंगतीतून उठवावं लागंल मला!" ही रीत आमच्याकडेही आहे, पण आमच्याकडे बाप निदान चहा घेतो. मी त्यांची पुष्कळ थट्टा केली. म्हटलं, व्याही, चहात पाणी असतं हे तुमच्या मोगलाईत ठाऊक नाही वाटतं. ते हसले, पण चहा घेतला नाही. त्या दिवशी संध्याकाळी सुमननं रुखवतातल्या पाटांपैकी पितळी फुलांचा सागवानी पाट वेगळा काढला आणि सासूला सांगितलं, "हा बाबांचा. ते पहिल्यांदा जेवायला बसतील तेव्हाच हा मांडायचा." ती तेव्हा नवी नवरी होती. आम्हाला कौतुक वाटलं.

मग ते वाईट दिवस आले. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला, निजामाचं राज्य आणि हिंदुस्थान यांच्यात रस्ते बंद झाले, माल अडला. भानुदासरावांनी वाशीमच्या नारायणशेठकडून कापसाच्या गाठींच्या पोटी आगाऊ पैशांचा विसार घेतलेला होता. गाठी सेलूच्या स्टेशनाबाहेर तयार होत्या, पण हद्दीवरच्या कनेरगावच्या नाक्यावरून इकडे यायला वाट नव्हती. त्या तिथेच पावसात भिजल्या, फुगल्या, काळ्या पडल्या. पोलीस ॲक्शन होऊन वाट मोकळी झाली, तेव्हा त्या मालाला कुणी विचारत नव्हतं. दुसरा कुणी असता तर रातोरात गाव सोडून गेला असता. तशी माणसं मी वकिलीत पुष्कळ पाहिली आहेत. हे स्वतःच्या पायांनी परभणीच्या अदालतीत गेले आणि सांगितलं, मला नादार ठरवा, माझं जे आहे ते सगळ्यांना वाटून द्या. घर दिलं, दुकान दिलं, बैलजोडी दिली. बायकोच्या पाटल्यासुद्धा टेबलावर ठेवल्या. अंथरूण-पांघरूण आणि रोजची भांडी कायद्यानं तुमचीच राहतात, असं मुन्सफांना त्यांना समजावून सांगावं लागलं. ज्यांचं ज्यांचं देणं होतं त्या सगळ्यांची नावं त्यांनी लिहून दिली. त्यात एक विधवा बाई होती, तिनं पोरीच्या लग्नासाठी त्यांच्याकडे ठेव ठेवली होती. दुकानातला हमाल होता. वाशीमचे नारायणशेठही होते. अदालतीनं प्रत्येकाला सारख्या प्रमाणात वाटा दिला आणि हुकूम केला, की हा माणूस आता मोकळा, जुन्या देण्यापोटी याला कुणी धरायचं नाही. सगळ्यांनी आपापला वाटा नेला. नारायणशेठ गेले नाहीत. त्यांचा वाटा तिथेच पडून राहिला.

नारायणशेठ तसे वाईट गृहस्थ नव्हेत. पण ताठ. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "मोगलाईच्या कोर्टात मी कायले जाऊ? त्याईचा कागद उर्दूत, त्याईचा शिक्का निजामाचा. माह्या गावात व्यवहार झाला, माह्या गावात कोर्ट हाये." आणि त्यांनी वाशीमच्या कोर्टात दावा लावला. भानुदासराव हजर झाले नाहीत, परभणीच्या हुकमानं सगळं संपलं असं त्यांच्या भाबड्या मनानं धरलं होतं. एकतर्फी निकाल झाला. वर शेठजींनी शपथेवर सांगितलं, की या माणसानं माल मोगलाईत दडवून ठेवला आहे. त्यावरून अटकेचं वॉरंट निघालं. असं वॉरंट दर खेपेला जुनं होतं आणि दर खेपेला नवं काढता येतं. शेठजी ते काढत राहिले. म्हणजे पैनगंगेच्या पलीकडे माझा व्याही मोकळा, सरकारनं सगळ्यांदेखत मोकळा केलेला माणूस, आणि अलीकडे आला की बेलीफ हात धरणार. दोन्ही हुकूम खरे, दोन्ही कोर्टांचे. त्या दिवसांत माझी झोप उडाली होती, कारण माझ्याच कोर्टातलं वॉरंट माझ्याच व्याह्याच्या नावावर होतं आणि मला ते काढून टाकता येत नव्हतं.

आणि नेमकं त्याच सुमारास सेलूला, भाड्याच्या दोन खोल्यांत, सुमनला मुलगी झाली. कुंदा. रीत संपली. आता भानुदासरावांना लेकीच्या घरी जेवायची मोकळीक होती, आणि आता त्यांना येता येत नव्हतं. बाळंतीण परत घरी पोचवायची तर बापानं पोचवावी. ते आले, पण कनेरगावच्या नाक्यापर्यंतच. तिथे रस्त्याच्या कडेला बाभळीखाली हद्दीचा दगड होता. ते दगडाच्या त्या बाजूला, मी या बाजूला, आणि मधे लेक आणि नात. मी म्हटलं, "व्याही, दोन पावलं या की. इथे कोण बेलीफ बसलाय?" त्यांनी मान हलवली. "बेलीफाचं भेव न्हाई वकीलसाहेब. पण यायचं तर उजळ माथ्यानं यायचं. आमी काय चोर हाव, लपून यायला?" मग त्यांनी कुंदाच्या कपाळाला बोट लावलं आणि सुमनला माझ्याकडे दिलं. बैलगाडी वळली तरी ते दगडापाशी तसेच उभे होते.

त्यानंतर दहा-अकरा वर्षं हा आमचा रिवाज झाला. सुमन माहेराला जायची तेव्हा मी तिला दगडापर्यंत नेऊन सोडायचो, परत यायची तेव्हा ते तिला दगडापर्यंत आणायचे. आम्ही दोघं व्याही तिथे तास-दोन तास गप्पा मारायचो. तेव्हा ते सेलूला दुसऱ्याच्या अडतीवर बसून कापूस पारखायचे, आणि तिथल्या गमती सांगायचे. सुमन इथून दशम्या, चटणी, कधी पुरणाच्या पोळ्या बांधून न्यायची. ते आवडीनं खायचे, बोटं चाटायचे, पण खाऊन झालं की हटकून म्हणायचे, "ही शिदोरी झाली बाई. जेवण घरात असतंय." एकदा तर सुमननं कमालच केली. मला न सांगता तिनं तो पितळी फुलांचा पाट बैलगाडीत घातला. दगडापाशी उतरली, जमीन झाडली, पाणी शिंपडलं आणि पाट मांडून भोवती रांगोळीची दोन बोटं ओढली. मग बापाकडे बघून म्हणाली, "बसा बाबा." नाक्यावरची माणसं बघत होती. एक मेंढपाळ बाई मेंढरं थांबवून बघत राहिली. मी माझी वकिली पुढे केली. म्हटलं, सून माझी, पाट माझ्या घरचा, स्वयंपाक माझ्या घरचा, म्हणजे कायद्यानं हे माझं घरच झालं, बसा तुम्ही. भानुदासरावांनी पाटाकडे पाहिलं. खाली वाकून पितळी फुलावरून अंगठा फिरवला, कापूस बघायचे तसा. डोळे भरले होते. "वकीलसाहेब, कायदा तुमचा. पण घर माझ्या लेकीचं हाय, अन् त्याला उंबरा हाय. पाट घरचा घरी ऱ्हाऊ द्या." सुमननं पाट उचलला. परतीच्या वाटेवर ती मला म्हणाली, "मामंजी, तुम्ही एवढे वकील. माझ्या बाबांना एक वेळ घरात जेवू घालता येत नाही तुम्हाला?"

मी काय काय केलं नाही? सरळ उपाय म्हणून मी नारायणशेठचं देणं स्वतः फेडून टाकायला निघालो होतो. पैसे बाजूला काढले, आणि दगडापाशी ही गोष्ट भानुदासरावांना सांगितली. ते इतके रागावलेले मी पहिल्यांदाच पाहिले. "अदालतीनं सगळ्यांना बराबर वाटून दिलं. त्या ठेववाल्या बाईला ज्या मापानं दिलं, त्याच मापानं हमालाला दिलं. आता तुमी शेठला पुरं देणार. मग त्या बाईनं मला सेलूच्या बाजारात गाठून विचारलं की माझं काय, तर मी काय सांगू? शेठ मोठा म्हणून त्याला पुरं, अन् तू गरीब म्हणून तुला अर्धं?" मग हळू म्हणाले, "अन् व्याह्याच्या पैशानं सोडवून घेतलेला बाप लेकीच्या घरात कुठं बसंल... तुमीच सांगा." मी ते पैसे परत कपाटात ठेवले. दिवाळखोरीच्या कायद्याचा मुद्दा इतक्या सोप्या शब्दांत मला कुठल्या पुस्तकानं सांगितला नव्हता.

देशाची घटना अमलात आली तेव्हा मला वाटलं, आता झालं. हैदराबाद आता परकं राहिलं नाही. मी परभणीच्या हुकमाची नक्कल घेऊन आमच्या कोर्टात अर्ज केला. तेव्हाचे जज्ज शांत, सभ्य माणूस. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देश एक झाला वकीलसाहेब, मान्य. पण हा हुकूम झाला त्या दिवशी तुमचं परभणी आमच्या कायद्याला परकंच होतं. परक्या राज्यानं माफ केलेलं इथलं देणं मी कसं माफ करू? तसा कायदा करणाऱ्यांनी अजून केलेला नाही." अर्ज फेटाळला. मी कोर्टातून बाहेर आलो आणि कधी नव्हे ते सगळ्यांदेखत मोठ्यानं बोललो. झेंडा एक, पोस्टाचं तिकीट एक, रेल्वेचं टाइमटेबल एक, आणि एक प्रामाणिक माणूस मोकळा आहे की नाही, हे ठरवायला नदी बघायची! ज्युनिअर मंडळींनी मला हाताला धरून बाररूममध्ये नेलं. आज इतक्या वर्षांनी विचार केला तर जज्ज चुकले असं मला म्हणता येत नाही. त्यांच्यापुढे जो कायदा होता त्यात तेच उत्तर होतं. पण राग गेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

नंतर राज्यांची पुनर्रचना झाली. वाशीम आणि परभणी एकाच राज्यात आली, वरचं हायकोर्टही एकच झालं. नाक्यावरची करोडगिरीची, म्हणजे निजामाच्या जकातीची, चौकी तर त्याआधीच उठली होती आणि तिथे एकानं चहाचं हॉटेल काढलं होतं. तरी नादारीचे कायदे दोन्हीकडे जुने ते जुनेच, वेगवेगळे. माणसं एका राज्यात आली, कायदे आपापल्या गावीच राहिले. मी पुन्हा अर्ज केला. या वेळी मी देणं माफ करा असं म्हटलंच नाही. मी एवढंच म्हटलं, की अटकेचं वॉरंट माल दडवल्याच्या आरोपावर निघतं, आणि या माणसानं बायकोच्या पाटल्यांपर्यंत सगळं अदालतीपुढे ठेवलं, हे परभणीच्या निकालात लिहिलेलं आहे. तो निकाल हुकूम म्हणून मानू नका, साक्ष म्हणून तरी वाचा. नवे जज्ज तरुण होते. त्यांनी उर्दू निकालाचं मराठी करून मागवलं आणि भर कोर्टात सगळं मोठ्यानं वाचून घेतलं. त्या वाटणीच्या यादीत हमालाचं नाव आलं तेव्हा ते क्षणभर थांबले होते, हे मला आठवतं. निकाल असा झाला : देणं वाशीममध्ये अजून जिवंत आहे, पण या माणसानं काही दडवलेलं नाही, म्हणून त्याला पकडता येणार नाही. अर्धी मान्यता म्हणा. पण वॉरंट रद्द झालं.

त्यांना आणायला मी स्वतः हिंगोलीपर्यंत गेलो. बसमध्ये ते खिडकीशी बसले होते, मांडीवर तोच फिरकीचा तांब्या. कनेरगाव मागे गेलं, बराच वेळ गेला, आणि त्यांनी एकदम विचारलं, "दगड कवा यायलाय?" मी म्हटलं, दगड केव्हाच गेला व्याही, बाभळी वाढल्यात, दिसला नसेल. ते मागे वळून बघत राहिले. "गेला व्हय..." एवढंच म्हणाले. वाशीमला उतरल्यावर मी घराकडे वळलो, तर ते थांबले. "आधी नारायणशेठकडं जाऊ." मी म्हटलं, अहो, सुमन सकाळपासून चुलीपाशी आहे, आधी जेवा तरी. त्यांनी ऐकलं नाही. आम्ही बाजारातल्या दुकानात गेलो. शेठजी गादीवर लोडाला टेकून बसले होते. भानुदासराव दारात उभे राहिले आणि सवयीप्रमाणे म्हणाले, "बसू का, शेठ?" शेठजींनी लोड सोडून गादीवर जागा केली. मग भानुदासरावच बोलले. "तुमच्या कोर्टानं मला पकडायचा हुकूम उठवला. पण तुमचं देणं हाय असं त्याचं म्हणणं हाय. परभणीच्या अदालतीचं म्हणणं, न्हाई. मी दोन्ही कबूल करतो. द्यायला माझ्याजवळ काईच न्हाई. पण मी काई लपवलं न्हाई, एवढं तुमच्या तोंडावर सांगावं म्हणून आलो. हे सांगितल्याबिगर या गावात मला घास गिळायचा न्हाई." शेठजींनी गड्याला पाणी आणायला सांगितलं. भानुदासराव ते प्याले. वाशीममधलं पहिलं पाणी ते लेकीच्या घरी न पिता तिथे प्याले, हे मला तेव्हा थोडं लागलं होतं. उठताना ते म्हणाले, "तुमचा वाटा तिथं काढून ठेवला होता, शेठ. मी हात लावला न्हाई." शेठजींनी मान दुसरीकडे वळवली. "मले नाई पाहिजे त्या कोर्टाचं काही," ते म्हणाले, पण आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

घरी पाट मांडलेला होता. भोवती रांगोळी, पुढे केळीचं पान. भानुदासराव उंबऱ्यापाशी आले, तांब्या बाहेरच ओट्यावर ठेवला आणि पाटाजवळ उभे राहून लेकीला म्हणाले, "बसू का?" कुंदा आता चांगली मोठी झालेली, तिनंच हात धरून आजोबांना बसवलं. ते हळूहळू जेवले, भाजीपासून पुरणापर्यंत सगळं. शेवटी त्यांनी पाणी मागितलं आणि भांडं रिकामं करून खाली ठेवलं. "आता झालं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत गेले. जाताना दिवाळीला येतो म्हणाले होते... त्यांनी त्या घरात घेतलेलं ते एकच जेवण. एक मेला नवं राज्य झालं तेव्हा त्यांनी सेलूहून एका माणसाबरोबर सांगून पाठवलं होतं, की वकीलसाहेबांना म्हणावं, आता तरी कायदे एक करा.

परवा नारायणशेठ आमच्याकडे भेटायला आले. वय झालं आहे, काठी घेऊन चालतात. सुमननं त्यांना दारात पाहिलं आणि आत गेली. मला वाटलं आता ती बाहेर येणार नाही, आणि आली नसती तर मी तिला दोष दिला नसता. सगळी तरुण वर्षं तिनं या माणसाच्या नावानं बोटं मोडली होती. पण ती आली, हातात तो पाट होता, आणि तिनं तो शेठजींपुढे मांडला. शेठजींनी पितळी फुलांकडे पाहिलं. "हा कोनाचा?" ते म्हणाले. "बाबांचा," सुमन म्हणाली. शेठजी काठी टेकत खाली वाकले आणि पाटाच्या शेजारी, नुसत्या जमिनीवर बसले. तिनं दिलेलं पाणी त्यांनी घेतलं. मग मला म्हणाले, "वकीलसाहेब, तो परभणीचा वाटा अजून हाये का?" मी म्हटलं, शेठजी, तो केव्हाच सरकारजमा झाला असेल, तिथे आता काही मिळायचं नाही. "नसू द्या," ते म्हणाले. "मले काही आनायचं नाई. त्या कोर्टात जाऊन लिहून द्याचं हाये, का माह्यं समदं पोचलं. तुमी सोबत याल काय?"

येत्या सोमवारी आम्ही दोघं परभणीला निघणार आहोत. पाट सुमननं पुन्हा स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवला आहे. कुंदानं काल विचारलं, की आता या पाटावर कोण बसणार. सुमन म्हणाली, "विचारून बसेल तो."